तारीख नसलेली कैद

ऑस्ट्रेलियात आश्रय मागायला आलेल्या माणसांना सक्तीने स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याविषयी आमच्या अभ्यासवर्गात मी बोलत होतो. पाच-दहा मिनिटे झाली नसतील, एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण या लोकांनी केलंय काय?" प्रश्न योग्य होता. गुन्हा, खटला, शिक्षा आणि मग तुरुंग हा क्रम आपल्या डोक्यात इतका घट्ट बसलेला आहे की माणूस तारेच्या कुंपणाआड आहे म्हटल्यावर त्याने काहीतरी केलेच असणार असे आपण धरून चालतो. मी त्याला सांगितले की त्यांनी काहीही केलेले नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांनी काही केले आहे असे तो कायदाही म्हणत नाही. या एका गोष्टीतून पुढचे सगळे हाल निघतात. ते कसे निघतात हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने स्वतःच्या देशात छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि म्हणून देशाबाहेर पडलेला माणूस तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराची आहे. आपण असे निर्वासित आहोत असा अर्ज ज्याने केला आहे, पण ज्याच्या अर्जाचा निकाल लागलेला नाही, तो आश्रयार्थी. कराराच्या ३१ व्या कलमात म्हटले आहे की छळापासून थेट पळून आलेला माणूस कागदपत्रांशिवाय देशात शिरला एवढ्यावरून त्याला शिक्षा करू नये. यामागचा विचार साधा आहे. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळतो, त्याच सरकारच्या कचेरीत रांगेत उभे राहून तो पासपोर्ट कसा मागणार? हा करार १९५४ साली अमलात आला तो सहाव्या देशाने मान्यता दिल्यावर, आणि तो सहावा देश ऑस्ट्रेलिया होता.

त्याच देशाचा दुसरा इतिहासही पाहिला पाहिजे. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि त्याच वर्षी परदेशीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा आला. त्यात काळा, पिवळा, गोरा असा शब्द नव्हता. बंदरावर उतरणाऱ्याला पन्नास शब्दांचा उतारा युरोपातल्या कोणत्याही भाषेत लिहून दाखवायला सांगण्याचा अधिकार अधिकाऱ्याला होता, आणि भाषा कोणती ते अधिकाऱ्याने ठरवायचे. चिनी, भारतीय, कोणीही नको असलेला माणूस या परीक्षेत बरोबर नापास होत असे. 'गोरा ऑस्ट्रेलिया' हे धोरण १९७३ साली अधिकृतपणे संपले. एखाद्या समूहाला नाव न घेता बाहेर कसे ठेवावे, यात प्रस्थापित व्यवस्था किती तरबेज असते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मंदिराच्या दारावर जात लिहिलेली नसते.

१९८९ च्या अखेरीपासून कंबोडियातून पळालेल्या लोकांच्या होड्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला लागू लागल्या. काहीशे माणसे होती. १९९२ च्या मे महिन्यात पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने घाईने एक दुरुस्ती कायदा करून या होडीवाल्यांची स्थानबद्धता सक्तीची केली. (मजूर पक्षाने केली, हे डाव्या मंडळींनी लक्षात ठेवावे.) ही तात्पुरती व्यवस्था आहे, असे त्या वेळचे मंत्री जेरी हँड यांनी संसदेत सांगितले. स्थानबद्धतेला २७३ दिवसांची मर्यादा तरी होती. १९९४ च्या सप्टेंबरपासून नवा कायदा अमलात आला. त्याने व्हिसा नसलेल्या प्रत्येक परदेशीयाला स्थानबद्धतेखाली आणले आणि ती २७३ दिवसांची मर्यादा काढून टाकली. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था तीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

या कायद्याचा सांगाडा दोन कलमांत आहे. १८९ वे कलम म्हणते की व्हिसा नसलेला परदेशीय दिसला तर अधिकाऱ्याने त्याला ताब्यात घेतलेच पाहिजे. 'घेऊ शकतो' नव्हे, 'घेतलेच पाहिजे'. १९६ वे कलम म्हणते की त्याला व्हिसा मिळेपर्यंत किंवा देशाबाहेर काढेपर्यंत ताब्यातच ठेवायचे. हा माणूस पळून जाईल का, कोणाला इजा करील का, तो आजारी आहे का, ती गरोदर आहे का, यांतले काहीही न्यायाधीशाने तपासायचे नाही. जामीन नाही. ही शिक्षा नसून प्रशासकीय सोय आहे, असे सरकार म्हणते. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला ते लोक हायकोर्टच म्हणतात, हा युक्तिवाद मूलतः मान्य केला: शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम, पण ही शिक्षाच नाही, तेव्हा न्यायालयाचा निकाल लागत नाही.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. चोराला शिक्षा होते तेव्हा तिला माप असते. सहा महिने, दोन वर्षे, दहा वर्षे. शिक्षेच्या विरुद्ध अपील करता येते, चांगल्या वर्तणुकीची सूट मिळते, भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजता येतात. पण शिक्षाच नाही म्हटल्यावर माप कशाचे घेणार? जो निर्दोष आहे त्याची सुटकेची तारीख लिहायला कागदच उरत नाही. दोषीपेक्षा निर्दोष अधिक वाईट अवस्थेत जातो, आणि तोही कायद्याच्या बिनचूक तर्काने.

आपल्या राज्यघटनेतही प्रतिबंधक स्थानबद्धता आहे आणि तिचा गैरवापर किती होतो ते मिसाच्या काळापासून आपण पाहत आलो आहोत. तरीही १९४९ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत जे कलम मांडले, आजचे २२ वे कलम, त्यात तीन महिन्यांपलीकडे स्थानबद्धता न्यायची तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागेल अशी अट घातली आहे. ते संरक्षण तोकडे आहे, हे त्या वेळीही बोलले गेले. पण माणसाला कोंडायचे असेल तर कोणीतरी तिसऱ्याने केव्हातरी त्याचे प्रकरण उघडून पाहिले पाहिजे, एवढे तत्त्व तरी त्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या कायद्यात तेवढेही नव्हते.

माझ्या मनात मात्र दुसरीच तुलना येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या हातून काय घडले ते पाहिले नाही; तो कुठल्या जमातीत जन्मला ते पाहिले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड हजेरी देणाऱ्या माणसांवर खटला चालला नव्हता, म्हणून त्यांना मुदतही नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला तेव्हा तिथे जन्मून मोठी झालेली माणसे बाहेर पडली. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण 'तू काय केलेस' हा प्रश्न टाळून 'तू कोण आहेस, कुठून आलास' एवढ्यावर माणसाला कोंडायचे, ही रीत एकच आहे.

'कुठून आलास' याच्यापेक्षाही 'कसा आलास' हे ऑस्ट्रेलियात महत्त्वाचे ठरते. विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन विमानाने उतरलेल्या माणसाने नंतर आश्रयाचा अर्ज केला, तर त्याला साधारणपणे तात्पुरता व्हिसा मिळतो आणि तो बाहेर राहून निकालाची वाट पाहतो. होडीने आलेला तारेआड जातो. वस्तुतः होडीने येणाऱ्यांचे अर्ज खरे ठरण्याचे प्रमाण फार मोठे होते. आपल्याकडचे कितीतरी इंजिनियर, प्राध्यापक, परिचारिका आज सिडनी-मेलबर्नला सुखाने राहतात, त्यांत आपल्या समाजाचेही लोक आहेत, आणि ते सगळे विमानाने गेलेले आहेत. त्यांच्याविषयी मला आनंदच आहे. पण विमानाचे तिकीट आणि व्हिसा ही आजची जानवी आहेत, हे त्यांनी तिथे राहून ओळखावे.

आता त्या छावण्यांकडे वळू. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वूमेरा इथे छावणी उघडली. चारशे माणसांसाठी बांधलेल्या त्या जागेत पुढच्याच वर्षी चौदाशेहून अधिक माणसे कोंबली गेली. बहुतेक अफगाणिस्तान, इराक आणि इराणमधली, म्हणजे तालिबान आणि सद्दाम यांच्यापासून पळालेली. ज्या राजवटींविरुद्ध ऑस्ट्रेलियाने पुढे सैन्य पाठवले, त्यांच्याच बळींना ऑस्ट्रेलियाने वाळवंटात कोंडले होते. जानेवारी २००२ मध्ये वूमेरात उपोषण झाले आणि कित्येक माणसांनी सुईदोऱ्याने आपले ओठ शिवून घेतले. बाहेर त्यावर फार गहजब झाला. हे रानटी लोक आहेत, दबाव आणत आहेत, असे बोलले गेले. ज्याचे कोणी ऐकतच नाही त्याने तोंड बंद करून दाखवले, तर त्याचा अर्थ लावायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

या छावण्यांत मुले होती. १९९९ च्या जुलैपासून २००३ च्या जूनपर्यंत व्हिसाशिवाय आश्रय मागायला आलेली २,१८४ मुले स्थानबद्ध झाली, असे ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००४ च्या अहवालात नोंदवले. त्यांपैकी ९२ टक्क्यांहून अधिक मुले शेवटी खरी निर्वासित ठरली. हा निकाल सरकारी यंत्रणेचाच आहे. ज्यांना ठेवून घ्यायचेच होते त्यांना आधी कोंडून मोडायचे आणि मग समाजात सोडायचे, याला राज्यकारभार म्हणायचे काय? २००३ च्या अखेरीस आत असलेले मूल सरासरी एक वर्ष आठ महिने आत होते. एका मुलाने आत काढलेला काळ पाच वर्षे, पाच महिने आणि वीस दिवस असा आहे. आपल्याकडे एवढ्या काळात मूल बालवाडीतून चौथीत जाते.

दहा वर्षांनी, २०१४ साली, आयोगाने पुन्हा चौकशी केली. स्थानबद्ध मुलांपैकी ३४ टक्के मुलांना मानसिक उपचारांची गरज पडावी इतका गंभीर त्रास होता. बाहेरच्या ऑस्ट्रेलियन मुलांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. पंधरा महिन्यांत मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या १२८ घटना नोंदल्या गेल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षा जिलियन ट्रिग्ज यांनी हा अहवाल मांडला तेव्हा सरकारने आकड्यांना उत्तर दिले नाही. त्यांच्या निःपक्षपातीपणावरच हल्ला चढवला.

माणूस आत नेमका कशाने मोडतो? बाहेरून पाहणाऱ्याला तार, ऊन, गर्दी, जेवण हे दिसते. ते सगळे वाईटच होते. पण डॉक्टरांचे आणि आतल्या माणसांचे म्हणणे सारखेच आहे: मोडते ते काळामुळे. खाणीत बारा तास राबणारा माणूसही संध्याकाळ मोजतो. जिथे उद्याचा दिवस आजच्यापेक्षा सुटकेच्या जवळ नाही, तिथे झोप जाते, मग भूक, मग बोलणे. आपली जागा कुठे, आपले नाव काय, आपल्याला कोणी मारले नाही तरी आपण जिवंत का आहोत, असे प्रश्न त्याला पडू लागतात. पूर्वी छळ सोसून आलेल्याला कुंपण आणि पहारेकरी पुन्हा त्याच ठिकाणी नेतात. आईबाप पोरांसमोर असहाय दिसतात, त्यांना भाकरी देऊ शकत नाहीत, निर्णय घेऊ शकत नाहीत. आणि मुलाच्या मनातून आईबाप उतरतात. हे शेवटचे नुकसान कोणत्याही अहवालात मोजलेले नाही, पण वेठीवर राबणाऱ्या बापाला पाटलासमोर वाकताना ज्याने लहानपणी पाहिले आहे, त्याला ते समजेल.

नावाचेही तसेच. होडीने येणाऱ्या प्रत्येकाला होडीच्या संकेताची इंग्रजी अक्षरे आणि आकडा मिळून एक क्रमांक दिला जाई. हजेरीला, जेवणाच्या रांगेत, दवाखान्यात तोच पुकारला जाई. कुर्दी पत्रकार बेहरूझ बूचानी हा इराणमधून पळाला आणि २०१३ साली असा क्रमांक घेऊन पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर कोंडला गेला. (आमच्या खेड्यातली म्हातारी माणसे 'माणूस' हा शब्द जवळपास असाच उच्चारतात. हे नाव वाचताना दर वेळी मी अडखळतो.) त्याने तिथे फारसीत एक पुस्तक लिहिले. कागद कधी जप्त होतील याचा नेम नाही, म्हणून चोरून मिळवलेल्या मोबाइलवर, तुकड्यातुकड्याने संदेश पाठवून ते बाहेर काढले. ओमिद तोफिघियन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. २०१९ च्या जानेवारीत त्याला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार, एक लाख डॉलरचा, मिळाला. ज्या देशाने पुरस्कार दिला, त्याच देशाने त्याला समारंभाला येऊ दिले नाही. त्याला आश्रय पुढे २०२० साली न्यूझीलंडने दिला. दलित साहित्याला 'हे साहित्य आहे काय' असे विचारणाऱ्यांचे काय करायचे हे आपण ठरवलेले आहेच. बूचानीलाही पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला गेला होता, की हा परका माणूस या पुरस्काराला पात्र आहे काय. नियमाला अपवाद करून त्याचे पुस्तक स्पर्धेत घ्यावे लागले.

मानुस आणि नौरू ही नावे आली तेव्हा ती कुठून आली हे सांगितले पाहिजे. २००१ च्या ऑगस्टमध्ये बुडणाऱ्या होडीतून ४३३ माणसांना टॅम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने वाचवले. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते. ऑस्ट्रेलियाने जहाजाला बंदरात येऊ दिले नाही, वर सैनिक पाठवले आणि त्यांतल्या बहुतेकांना नौरूला नेले. तेव्हापासून छावण्या देशाबाहेर गेल्या. नौरू हे एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. त्याचा फॉस्फेट ऑस्ट्रेलियाच्या शेतांसाठी दशकानुदशके उपसला गेला आणि १९६८ साली ते स्वतंत्र झाले तेव्हा मधला बराच भाग खरवडलेला होता. पापुआ न्यू गिनी १९७५ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात होता. आधी लुटायचे, मग दरिद्री झालेल्याला पैसे देऊन आपल्या अंगणातली नकोशी माणसे सांभाळायला लावायची. गावाची घाण गावकुसाबाहेर आणि ती उचलायची कामगिरीही गावकुसाबाहेरच्याचीच, ही व्यवस्था आपल्याला पाठ आहे. २००८ साली या छावण्या बंद झाल्या, २०१२ मध्ये पुन्हा उघडल्या, आणि १९ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केले की यापुढे होडीने येणारा कोणीही, तो खरा निर्वासित ठरला तरी, ऑस्ट्रेलियात कधीही वसवला जाणार नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मानुसच्या छावणीत दंगल झाली आणि रझा बराती हा तेवीस वर्षांचा इराणी कुर्द तरुण मारला गेला. छावणीत कामाला असलेल्या दोघा स्थानिकांना पुढे शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हमीद खझाई या चोवीस वर्षांच्या इराणी तरुणाच्या पायाला जखम होऊन तिच्यात जंतूंची लागण झाली. मानुसच्या दवाखान्यात लागणारे औषध नव्हते. डॉक्टरांनी त्याला पोर्ट मोरेस्बीला हलवण्याची विनंती केली. ती कॅनबेराच्या कचेरीत शंकाकुशंकांमध्ये अडकली आणि त्या संध्याकाळचे विमान हुकले. ५ सप्टेंबरला तो ब्रिस्बेनच्या रुग्णालयात मेला. २०१८ साली क्वीन्सलंडच्या मृत्युतपास अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की हा मृत्यू टाळता आला असता. मला या प्रकरणात कोणी दुष्ट माणूस सापडत नाही, आणि म्हणूनच ते भयंकर वाटते. प्रत्येकाने आपल्यापुढच्या कागदावर रास्त शेरा मारला होता.

नौरूवर काय चालले आहे हे बाहेर येऊ नये म्हणून २०१५ च्या कायद्याने छावणीतली माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांच्या कैदेची तरतूद केली. डॉक्टरांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०१६ मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांना त्यातून वगळावे लागले. त्याच वर्षी नौरूच्या छावणीतल्या दोन हजारांहून अधिक घटनांची अंतर्गत टिपणे 'गार्डियन'ने छापली. त्यांतली निम्म्याहून अधिक मुलांविषयी होती. २०१८ मध्ये तिथल्या काही मुलांनी खाणे, पिणे, बोलणे, डोळे उघडणे सोडून दिले. आजार शरीराचा नव्हता. मुलांनी जगण्यातून अंग काढून घेतले होते. 'सीमेविना डॉक्टर' या संघटनेने तिथे तपासलेल्या २०८ निर्वासित व आश्रयार्थी रुग्णांपैकी ६० टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते आणि ३० टक्क्यांनी तसा प्रयत्न केला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये नौरू सरकारने त्या संघटनेलाच बेट सोडायला लावले. बाहेर लोकांनी, विशेषतः डॉक्टरांनी, मोठी मोहीम उभारली आणि फेब्रुवारी २०१९ पर्यंत शेवटची मुले बेटावरून निघाली.

या सगळ्याच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. तो असा की होड्या बुडतात, माणसे मरतात. कडक स्थानबद्धतेची जरब बसली तर लोक होडीत चढणार नाहीत आणि जीव वाचतील. होड्या बुडतात हे खरे आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये इंडोनेशियाहून निघालेली एक होडी बुडून ३५३ माणसे गेली. पण त्यांत १४६ मुले आणि १४२ स्त्रिया होत्या, पुरुष फक्त ६५. असे का? कारण १९९९ पासून होडीवाल्या निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने जो तात्पुरता व्हिसा द्यायला सुरुवात केली होती, त्यावर कुटुंबाला आणायची बंदी होती. नवरा आधी पोहोचलेला, बायकामुलांना कायदेशीर वाट नाही; ती होडीत बसली. जरब बसवणाऱ्या कायद्यानेच त्यांना समुद्रात ढकलले. आणि समजा जरब बसत असेल, तरी इंडोनेशियातल्या कोणा अनोळखी माणसाने होडीत चढू नये म्हणून नौरूवरच्या मुलाला कोंडून ठेवायचे, याचा अर्थ त्या मुलाला बुजगावणे करायचे. माणूस साधन म्हणून वापरायचा नसतो, हे मान्य नसेल त्याच्याशी माझा वादच संपला.

पैसे वाचतात म्हणावे तर तेही नाही. सरकारच्याच लेखापरीक्षण आयोगाने २०१४ साली हिशेब मांडला: एका माणसाला देशाबाहेरच्या छावणीत ठेवायला वर्षाला चार लाख डॉलरहून अधिक, देशातल्या केंद्रात सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार, आणि तात्पुरत्या व्हिसावर समाजात राहू दिले तर सुमारे चाळीस हजार.

एकदा असे यंत्र उभे राहिले की ते आपपर पाहत नाही. २००४ मध्ये मानसिक आजार असलेली एक जर्मन जन्माची स्त्री, जिला ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा हक्क होता, ओळख न पटल्यामुळे दहा महिने आधी तुरुंगात आणि मग बॅक्स्टरच्या छावणीत अडकली. तेव्हा मात्र चौकशी झाली, कारण ती गोऱ्या कुटुंबातली होती. त्याच छावणीत आपण काश्मीरमध्ये जन्मलो असे सांगणारा एक माणूस १९९८ पासून स्थानबद्ध होता. परत पाठवा म्हणून तो स्वतः विनवत होता, पण भारत सरकार त्याला आपला म्हणायला तयार नव्हते. ना हा देश, ना तो. जवळजवळ सात वर्षांनी, २००५ मध्ये, तो सुटला.

अशा देश नसलेल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न २००४ साली हायकोर्टापुढे आला. कुवेतमध्ये जन्मलेल्या अल-कातेब या पॅलेस्टिनी तरुणाला कोणताही देश घेईना. त्याला आयुष्यभरही कोंडता येईल काय? सातपैकी चार न्यायाधीश म्हणाले, येईल. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. त्यांतल्या एकाने त्याची अवस्था शोकांत असल्याचे म्हटले आणि तरीही निकाल विरुद्ध दिला. तो निकाल एकोणीस वर्षे टिकला. ८ नोव्हेंबर २०२३ ला एका देशहीन रोहिंग्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो उलटवला. नजीकच्या काळात बाहेर पाठवण्याची खरी शक्यताच नसेल, तर कोंडून ठेवणे ही शिक्षा होते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला नाही. या रोहिंग्याने बालकाविरुद्ध गंभीर लैंगिक गुन्हा केलेला होता आणि त्याची शिक्षा भोगली होती. त्याच्याविषयी मला सहानुभूती वाटत नाही. पण तत्त्वाची कसोटी अशाच माणसावर लागते. त्याने गुन्ह्यासाठी भोगलेल्या कैदेला तारीख होती, नंतरच्या कैदेला नव्हती.

या प्रकरणात भारतीयांनी ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आपण १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना उचलून हिरानगरच्या केंद्रात ठेवले गेले, आणि एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश द्यायला नकार दिला. घटनेचे १४ वे आणि २१ वे कलम नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असे त्याच आदेशात म्हटलेले आहे.

२०२३ च्या निकालानंतर काही आठवड्यांत सुमारे दीडशे माणसे सुटली. सरकारने लगेच कायदा करून त्यांच्या घोट्याला यांत्रिक कडे आणि रात्रीची संचारबंदी लावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने तीही शिक्षाच ठरवून रद्द केली. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये या माणसांना घेण्यासाठी नौरूशी नवा करार झाला. दरम्यान मे २०२४ मध्ये न्यायालयापुढे आणखी एक इराणी माणूस उभा होता. तो दहा वर्षे स्थानबद्ध होता. आपण उभयलिंगी आकर्षणाचे आहोत, इराणला परत गेलो तर मारले जाऊ, असे त्याचे म्हणणे, म्हणून परतीच्या कागदांवर सही करायला तो तयार नव्हता. न्यायालयाने एकमताने सांगितले की याला बाहेर पाठवणे अशक्य नाही, तोच सहकार्य करत नाही. तेव्हा त्याची स्थानबद्धता कायदेशीर आहे. १८९ आणि १९६ ही दोन्ही कलमे अजून कायद्यात आहेत.